जुनी लढाऊ विमानं: सिम्युलेटरवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

नागपुरात विमानांचं वेड लागायला फार काही लागत नाही. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच, वायुसेनानगरात. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडला लागूनच. त्यामुळे कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर लढाऊ विमान उडवायचा खेळ, कुठून सुरू करावा, हे विचारणारी कॉलेजची मुलं नेहमी भेटतात. बहुतेकांना लगेच गोळ्या झाडायच्या असतात. माझं सांगणं एकच: सुरुवातीचे आठवडे बंदुका विसरा.

डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर फुकट उतरवता येतो आणि त्यासोबत टीएफ-५१डी हे मस्टँगचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं, दोन आसनी, बिनबंदुकीचं रूपही फुकट मिळतं. शिकायला याहून चांगलं विमान नाही. लॅपटॉप जुना असेल तर २००६ सालचा आयएल-२ स्टर्मोविक १९४६ हा सिम्युलेटर घ्या, तो साध्या मशीनवरही चालतो.

मस्टँगमध्ये बसल्यावर पहिली अडचण म्हणजे समोरचं काही दिसतच नाही. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर नाक आभाळाकडे. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, नागमोडी जायचं आणि बाजूनं बघत राहायचं. स्टिक मागे ओढलेली असली की शेपटीचं चाक जवळजवळ सरळ धरलं जातं, पुढे ढकलली की मोकळं फिरतं. एवढं कळलं तरी निम्मी गिरकी थांबते.

उरलेली निम्मी थांबते ती पायांनी. पंखा वैमानिकाच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. त्यानं मागे फेकलेली हवा पीळ घेत शेपटीवर आदळते आणि नाक डावीकडे खेचलं जातं. वेग आल्यावर शेपूट उचलली की त्या क्षणी आणखी एक झटका डावीकडेच बसतो. म्हणून टेकऑफआधी रडर ट्रिम (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा, म्हणजे रडरचा, कायमचा कल) ६ अंश उजवीकडे ठेवा, थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) सावकाश पुढे न्या आणि नाक वळलेलं दिसायच्या आत उजवा पाय दाबा. दिसल्यावर दाबला तर उशीर झालेला असतो. रडरसाठी पायाची पेडल नसतील तर पिळता येणारी जॉयस्टिक चालते. कीबोर्डवर रडर मारायचा नाद मात्र करू नका.

इंजिनाचे दोन आकडे डोक्यात बसवा: आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, इंचात मोजलेला). टेकऑफला ३००० आरपीएम आणि ६१ इंच. ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग प्रेशर. कमी करताना बरोबर उलटं. कमी आरपीएमवर जास्त प्रेशर दिलं तर इंधन सिलिंडरमध्ये अवेळी भडकतं आणि इंजिन फुटतं. ६७ इंच हा आणीबाणीचा साठा, तोही ५ मिनिटांपुरता. या जुन्या विमानांमध्ये इंजिन सांभाळणारं कुणी संगणक नसतं. ते काम वैमानिकाचं, आणि मला यातला खरा आनंद तिथेच वाटतो.

उडणं आणि उतरणं अंगवळणी पडलं की लढाई सोपी वाटायला लागते. मस्टँगनं मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानासोबत गोल गोल वळत बसू नये. उंची कमवा, वरून झेप घ्या, एकदा मारा करून त्याच वेगानं परत वर जा. नेम लागत नाही असं म्हणणारे बहुतेक जण फार लांबून झाडत असतात. २०० ते ३०० मीटरवर या, तोवर ट्रिगरला हात लावू नका. महागड्या जॉयस्टिकआधी मान वळवून बघायची सोय करा, म्हणजे तुमची मान वळली की खेळातली नजरही वळेल. साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं होतं. शत्रू ज्याला आधी दिसतो, बहुधा तोच जिंकतो.

आता मिग-२१. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्या वायुसेनेत राहिलेलं, आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधलं गेलेलं जेट विमान. त्याचं आकर्षण मलाही आहे. डीसीएसमध्ये मिग-२१बिस विकत मिळतं. पण ते मस्टँगनंतरच घ्या. उतरताना त्याच्या फ्लॅपवरून (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवरून) इंजिनातली दाबाची हवा सोडतात, तिच्या जोरावर पंख उचल धरतात. टेकण्याआधी थ्रॉटल बंद केला की ती हवाही जाते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. म्हणून चाकं धावपट्टीला लागेपर्यंत थ्रॉटलवरचा हात ढिला सोडायचा नाही.

मे महिन्यात दुपारी नागपुरात हे सगळं चालवणं म्हणजे मशीनचा छळ. शिवाय कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. रात्रच बरी, कारण युरोपातले सर्व्हर आपल्याकडे साडेदहा-अकरानंतरच भरतात. तिथे सुरुवातीला एकट्यानं शिकारीला निघू नका. कुणा जाणत्याचे विंगमन, म्हणजे सोबत उडणारे जोडीदार, व्हा, त्याच्या मागे कोण येतंय एवढंच बघा आणि दिसल्याबरोबर रेडिओवर दिशा आणि उंची सांगा.