कॅम्पर व्हॅनच्या एकाच बॅटरीला दोन-तीन सोलर सेट कसे जोडावेत

छपरावर पक्की बसवलेली पॅनल, गाडी सावलीत उभी असताना बाहेर उन्हात पसरायचं घडीचं पॅनल, आणि गाडी चालू असताना अल्टरनेटरकडून येणारं चार्जिंग. ही तिन्ही एकाच बॅटरीला, एकाच वेळी, कायमची जोडून ठेवता येतात. अट एकच: प्रत्येक सेटला स्वतःचा चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारं चार्जिंग आवरणारा डबा) हवा आणि सगळे सेट एकत्र यावेत ते बॅटरीच्या बाजूला, पॅनलच्या बाजूला नव्हे. ‘दोन कंट्रोलर एकमेकांशी भांडतात’, ‘मध्ये डायोड टाका’, ‘एकच मोठा कंट्रोलर घ्या आणि सगळी पॅनल त्यालाच द्या’ हे तीन सल्ले सगळीकडे मिळतात. तिन्ही चुकीचे आहेत. का, ते पुढे येईलच.

उदाहरणासाठी २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) १२ व्होल्टची लिथियम (एलएफपी) बॅटरी, छपरावर २०० वॅटची दोन पॅनल, २०० वॅटचं एक घडीचं पॅनल आणि ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या करंटने ही बॅटरी भरणारा) धरू.

१. आधी बॅटरी किती करंट झेलते ते बघा

छपरावरच्या ४०० वॅटमधून साधारण ३० अँपिअर, घडीच्या पॅनलमधून १५, डीसी-डीसीमधून ३०. एकूण ७५. एलएफपी बॅटरीला क्षमतेच्या निम्म्यापर्यंत करंट द्यावा, म्हणजे २०० एएचला १०० अँपिअर. इथे प्रश्न नाही. पण बॅटरी १०० एएचची असेल तर मर्यादा ५० वर येते आणि भर दुपारी गाडी चालू असताना ती ओलांडली जाते. अशा वेळी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कमाल करंट कमी करा. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) जोडणी तोडेल या भरवशावर राहू नका. ते शेवटचं संरक्षण आहे, रोजचं नियंत्रण नाही.

२. पॅनलची जुळणी

वेगवेगळ्या जातीची पॅनल एका कंट्रोलरला देऊ नका. सिरीजमध्ये सगळ्यात कमी करंटचं पॅनल बाकीच्यांना अडवतं, पॅरललमध्ये सगळ्यात कमी व्होल्टेजचं पॅनल बाकीच्यांना खाली ओढतं. ३६ सेलचं पॅनल १८ ते २० व्होल्टला काम करतं, ७२ सेलचं ३७ च्या आसपास. ही दोन पॅरलल केली की मोठ्या पॅनलची निम्मी ताकद वाया जाते. एकसारखी दोन पॅनल सिरीजमध्ये, एका कंट्रोलरला, हे उत्तम. एका बाजूला एसी किंवा व्हेंटची सावली पडत असेल तर दोन पॅनलना दोन छोटे कंट्रोलर द्या.

थंडीचा हिशेब मात्र सोडू नका. तापमान एक अंशाने उतरलं की पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) सुमारे ०.३ टक्क्याने चढतं. लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. पुण्यात ठीक चाललेली जोडणी स्पितीत किंवा लेहला उणे १० च्या सकाळी दहा टक्के वर गेलेली असते. घरगुती ५४० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९-५० असतं. अशी दोन सिरीजमध्ये, १०० व्होल्टच्या कंट्रोलरला, म्हणजे कंट्रोलर जाळणंच. ती पॅरलल करा किंवा १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्या. आणि अशा पॅनलला पीडब्ल्यूएम (साध्या जातीचा) कंट्रोलर लावू नका. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो, ५४० वॅटमधून १७५ च्या आसपासच हाती येतात.

३. घडीचं पॅनल

बहुतेक घडीच्या पॅनलना मागे एक छोटा कंट्रोलर चिकटवलेला येतो. त्याचं आउटपुट गाडीतल्या दुसऱ्या कंट्रोलरच्या पॅनल-इनपुटला जोडायचं नाही. कंट्रोलरमागे कंट्रोलर चालत नाही.

तो कंट्रोलर वापरून थेट बॅटरीला जोडणंही वाईट. २०० वॅटला १३ अँपिअर, ५ मीटरची २.५ चौरस मिमी वायर: जायचे-यायचे मिळून १० मीटरमध्ये जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. बॅटरी १३.४ वर असते आणि पॅनलमागच्या कंट्रोलरला १४.३ दिसतात. बॅटरी भरत आली असं समजून तो हात आखडता घेतो. म्हणून मागचा कंट्रोलर काढा, पॅनलची वायर सरळ गाडीत आणा आणि बॅटरीशेजारी १५ किंवा २० अँपिअरचा स्वतंत्र एमपीपीटी (पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर) लावा. गळती तरीही होईल, पण ती पॅनलच्या बाजूला. तिथे थोडे वॅट जातात, मोजमाप बिघडत नाही.

४. वायर, फ्यूज, बसबार

कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर, त्यांच्याजवळच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह बसबार (सगळ्या वायर एकत्र जोडायची धातूची पट्टी), बसबारपासून बॅटरीपर्यंत ३५ चौरस मिमी केबल. प्रत्येक चार्जरच्या पॉझिटिव्हला बसबारच्या टोकाशी स्वतंत्र फ्यूज: ३० अँपिअरला ४०, २० ला २५ किंवा ३०. डीसी-डीसीला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. पॅनलच्या बाजूला तोडायला एमसीबी हवाच, पण डीसीचा. दुकानदार घरगुती एसी करंटचा एमसीबी ‘चालतो’ म्हणून देतात. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही आणि एमसीबी पेटतो.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडताना उलट क्रम.

५. निगेटिव्ह कुठे जातो

बॅटरी मॉनिटरचा शंट (निगेटिव्ह वायरमध्ये बसवलेला, करंट मोजणारा भाग) असेल तर प्रत्येक चार्जरचा निगेटिव्ह शंटच्या लोडकडच्या बाजूला यायला हवा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर फक्त शंटची केबल. मागाहून बसवलेल्या सेटची वायर घाईत थेट टर्मिनलवर जाते, मॉनिटरला तो करंट दिसतच नाही आणि बॅटरी भरलेली असताना ६० टक्के दाखवत राहतो. टक्केवारी पटत नसेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

६. सगळ्यांना एकच व्होल्टेज दिसलं पाहिजे

खरी अडचण इथे आहे, आणि ‘भांडतात’ हा गैरसमजही इथूनच येतो.

बॅटरी रिकामी असताना, म्हणजे बल्कमध्ये, कुठलाच कंट्रोलर व्होल्टेज ठरवत नसतो. व्होल्टेज बॅटरी ठरवते. प्रत्येक कंट्रोलर पॅनलमधून मिळेल तेवढा करंट ढकलतो आणि करंटची बेरीज होते. भांडायला काही नसतंच. प्रश्न शेवटच्या टप्प्यात, १४.२ व्होल्टजवळ येतो. ज्याला व्होल्टेज जरा जास्त दिसतं तो आधी थांबतो, दुसरा पुढे चालू राहतो. ०.०५ व्होल्टचा फरक असला तर नुकसान नगण्य. अर्ध्या व्होल्टचा असला तर अर्धी दुपार फुकट.

हा फरक तीन ठिकाणांहून येतो.

पहिलं, वायर. हिशेब सोपा आहे: जायची-यायची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले जाडी चौरस मिमीमध्ये, गुणिले करंट. ३ मीटर दूर बसवलेला कंट्रोलर, ६ चौरस मिमी वायर, ३० अँपिअर: अर्ध्या व्होल्टहून जास्त. तीच वायर १ मीटर आणि १६ चौरस मिमी केली की ०.०७. करंट घटला की हा ड्रॉपही घटतो, म्हणून बॅटरी शेवटी भरते, पण फार सावकाश. तोवर ऊन उतरतं. त्यात ॲबसॉर्प्शनची (वरचं व्होल्टेज धरून बॅटरी पूर्ण भरायच्या टप्प्याची) वेळ ठरावीक असेल तर कंट्रोलर वेळ संपली म्हणून फ्लोटला (भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर राखायच्या टप्प्याला) जातो. एलएफपीत सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) अगदी वरच्या व्होल्टेजलाच होतं, त्यामुळे असं रोज झालं तर सेल एकमेकांपासून फाकत जातात. मग एक दिवस बीएमएस अचानक तोडतो आणि दोष बॅटरीवर येतो.

डायोडचा सल्ला याच कारणाने वाईट. डायोड ०.४ ते ०.७ व्होल्ट खातो आणि कंट्रोलरला बॅटरी दिसूच देत नाही. बरेच एमपीपीटी जागे व्हायलाच बॅटरीचं व्होल्टेज लागतं. उलटा करंट अडवण्याची सोय चांगल्या कंट्रोलरमध्ये आधीच असते.

दुसरं, सेटिंग. सगळ्या चार्जरवर, डीसी-डीसीसकट, आकडे हुबेहूब सारखे टाका: ॲबसॉर्प्शन १४.२, फ्लोट १३.५, ॲबसॉर्प्शनची वेळ सारखी, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून दिलं जाणारं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद. बॅटरीच्या कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर ते, पण सगळीकडे तेच. एक लिथियमवर आणि दुसरा मूळच्या लेड-ॲसिड सेटिंगवर, ही सर्रास दिसणारी चूक आहे. १३.८ च्या फ्लोटवर गेलेला कंट्रोलर करंट देणं थांबवतो आणि उरलेलं काम दुसऱ्या एकट्यावर पडतं.

तिसरं, तापमान भरपाई. लेड-ॲसिडसाठी कंट्रोलर दर अंशाला १६ ते ३० मिलिव्होल्ट लक्ष्य बदलतो. एक कंट्रोलर इंजिनच्या बाजूला, दुसरा बेडखाली असेल तर दहा अंशांच्या फरकाने दोघांची लक्ष्यं वेगळी होतात. लिथियमला ही भरपाई शून्य करा. ट्युब्युलर किंवा एजीएम (दोन्ही लेड-ॲसिडचेच प्रकार) असेल तर सेन्सर बॅटरीलाच चिकटवा.

व्हिक्ट्रॉनचे स्मार्टसोलर कंट्रोलर ब्लूटूथवर एका नेटवर्कमध्ये घेता येतात. स्मार्टशंट बॅटरीवर मोजलेलं व्होल्टेज सगळ्यांना पुरवतो आणि सगळे एकाच टप्प्यावर राहतात. सोय चांगली आहे, पैसे असतील तर जरूर घ्या. पण जाड, आखूड वायर आणि सारखी सेटिंग असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांचे साधे कंट्रोलरही वर्षानुवर्षं नीट चालतात. नेटवर्क बारीक वायरीवर उपाय म्हणून वापरू नका.

७. तपासणी

बॅटरी ६०-७० टक्क्यांवर असताना, कडक उन्हात, दुपारी बारानंतर. कंट्रोलरचे आकडे बेरीज करून मुख्य केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. चालू लोड वजा जाता आकडे जुळले पाहिजेत. मग मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि प्रत्येक कंट्रोलर काय दाखवतो ते बघा. फरक ०.१ च्या वर असेल तर लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) ते बसबार, फ्यूजची दोन टोकं, असं एकेक जोडावर मिलिव्होल्ट मोजत जा. बहुधा सैल नट किंवा हातोडीने ठोकलेला लग सापडेल. क्रिम्पिंग (लग केबलवर दाबून बसवणं) हायड्रॉलिक टूलनेच करा.

त्यानंतर एका सेटच्या पॅनलवर चादर टाका. दुसऱ्याचा करंट हलता कामा नये. हलला तर पॅनलच्या बाजूला कुठेतरी दोन्ही सेट जोडले गेलेत.

संध्याकाळी चारला एक कंट्रोलर शून्य आणि दुसरा २० अँपिअर दाखवतो म्हणून लगेच कंट्रोलर बदलायला निघू नका. इन्व्हर्टरवर इलेक्ट्रिक केटल लावा. व्होल्टेज उतरताच गप्प बसलेल्या कंट्रोलरने करंट उचलला तर तो ठीक आहे, बॅटरी भरत आली होती इतकंच. उचलला नाही तर आधी त्याचा फ्यूज बघा, मग फ्लोटची सेटिंग.

आणि डीसी-डीसीचा ट्रिगर इग्निशनवरच घ्या. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज सतत वरखाली करतो, त्यामुळे व्होल्टेज बघून सुरू होणारा साधा स्प्लिट चार्ज रिले (गाडीची आणि घरगुती वापराची बॅटरी थेट जोडणारा स्विच) तिथे मध्येच तुटतो. जोडलेला राहिला तर लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून झेपणार नाही इतका करंट ओढते.