डीएलसीओ: दहा सेकंदांचा श्वास नीट धरवून घ्या

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत गॅलरीत कबुतरं असतातच. त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचा आजार झालेल्याची स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजायची चाचणी) सुरुवातीला जवळपास नॉर्मल येऊ शकते, पण डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो याचं कार्बन मोनॉक्साइडने घेतलेलं माप, कमी आलेला असतो. म्हणून ही चाचणी घाईत उरकू नये.

सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने मशीन तपासा. पेशंटने त्या दिवशी बिडी-सिगारेट ओढलेली नको. रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असेल तर आकडा खोटा कमी येतो. ताजं हिमोग्लोबिनही मागवा. अॅनिमियात डीएलसीओ घटतो, आणि हिमोग्लोबिननुसार आकड्यात दुरुस्ती न करता रिपोर्ट देणं चूकच.

नाकाला क्लिप लावा. "काका, सगळा श्वास सोडा, अजून, अजून... आता जोरात भरून घ्या!" ४ सेकंदांच्या आत छाती भरली पाहिजे, व्हायटल कपॅसिटीच्या (पूर्ण श्वासात मावणाऱ्या हवेच्या) किमान ९० टक्के. भरून घ्यायच्या या गॅसमध्ये ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन किंवा हेलियम असतो. मग १० सेकंद श्वास धरायचा. इथेच गडबड होते: पेशंट गाल फुगवून कुंथतो, छातीतला दाब वाढतो, रक्त कमी येतं आणि आकडा घसरतो. "खांदे सैल, नुसतं थांबा" एवढं सांगितलं की पुरतं. नंतर न थांबता श्वास सोडायचा.

दोन प्रयत्नांत ४ मिनिटांचं अंतर ठेवा. दोन्ही आकड्यांत २ युनिटांपेक्षा (मिली/मिनिट/मिमी पारा) जास्त फरक नको. पाचाच्या वर प्रयत्न करू नका.

स्पायरोमेट्रीत अडथळा आणि डीएलसीओ कमी असेल तर एम्फिसीमाचा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा) संशय घ्या. दम्यात तो बहुधा नॉर्मल किंवा जास्त असतो.