घावनाची जाळी: सोडा राहू द्या, तवा तापवा

घावनाला जाळी पडत नाही म्हटलं की कोणीतरी हमखास सोडा सुचवतं. कोणी रवा, कोणी मैदा, तर कोणी थेट फ्रूट सॉल्टची पुडी. घावन म्हणजे तांदूळ, पाणी आणि मीठ, बस. उडीद घालून आंबवलंत की ती आंबोळी. चांगलीच लागते, पण ते घावन नव्हे.

जुना तांदूळ रात्री भिजवून सकाळी गंधासारखा वाटा. तयार पिठी असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी. मिश्रण ताकासारखं वाहतं हवं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे फारच पातळ झालंय असं वाटतं. वाटू द्या.

आता तवा. बिडाचाच घ्या आणि त्यावर पोळ्या-भाकऱ्या करू नका. एका गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य माझ्याकडे होता. आदल्या संध्याकाळी मी सणाचा म्हणून तवा साबण आणि तारेच्या घासणीने लख्ख घासला होता. सकाळी पहिली पाच घावनं अक्षरशः खरवडून काढली. घाबरून तेल वाढवलं, तर पीठ तव्याला धरेचना, नुसतं घरंगळायला लागलं. शेवटी आत्ये ओट्यापाशी आली. "गो, तवो तापाक नाय अजून, पीठ कित्याक वततंस?"

तिने तवा धूर येईपर्यंत तापवला, अर्धा कांदा तेलात बुडवून कापलेल्या बाजूने चोळला, पुन्हा तापवला, पुन्हा चोळला. असं तीन-चारदा. मुरलेल्या तव्यावरचा तेलाचा थर आदल्या दिवशी मीच घासून टाकला होता, तो तिने जेमतेम परत आणला. सहावं घावन सुटलं.

तेव्हापासून तेलाची बाटली मी तव्याजवळ येऊ देत नाही. कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने पुसटसं तेल फिरवायचं, तेवढंच. पाण्याचे थेंब शिंपडा. ते तव्यावर नाचून उडून गेले की पीठ घालायची वेळ झाली. नुसतेच फसफसत बसले तर अजून थांबा.

डाव भरण्याआधी पीठ तळापासून ढवळा, दर घावनाला. तांदळाची पिठी खाली बसते. न ढवळता केलेलं पहिलं घावन पाणचट आणि शेवटचं जाड होतं. मग कडेने गोल ओतत मध्यावर या. चर्र आवाज आला आणि ओतता ओतताच भोकं पडली तर जमलं. गरम बिडावर पाण्याची वाफ होते आणि ती पीठ फोडून वर येते, तीच जाळी. डावाने पसरायला गेलात की भोकं बुजली. राहिलेल्या फटीवर थोडं पीठ शिंपडा, पण हात फिरवू नका. ओतताना आवाजच आला नाही तर तवा थंड आहे. जाळी पडते पण पीठ जाड दिसतं, तर अर्धी पळी पाणी घाला.

झाकण मिनिटभर. कडा सुटल्या की कालथा घाला. उलटायची गरज नाही.

गरम घावनं एकावर एक रचू नका, चिकटतात. सुती कपड्यावर टाकून वाफ जाऊ द्या, मग त्रिकोणी घडी घाला. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. आमच्याकडे पहिलं घावन मात्र ओट्यापाशीच, चहात बुडवून संपतं.