माळ्यावर सापडलेली जुनी वस्तू कसली आहे ते कसं शोधायचं

गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी गेलं की माळा साफ करताना काहीतरी लोखंडाचं किंवा लाकडाचं हाताला लागतंच, आणि घरात कोणालाच सांगता येत नाही की हे कशाचं. मग कोणीतरी आमसुलं घेऊन ते घासायला बसतं. प्लीज थांबा. घासू नका, वॉर्निश नको, तेल पण नको. वरची धूळ सुक्या ब्रशने झाडा, बास. कारण वस्तू ओळखायची ती तिच्यावरच्या झिजेवरून, काजळीवरून, फटीत अडकलेल्या चुन्यावरून किंवा भाताच्या तुसावरून, नुसत्या आकारावरून फार कमी वेळा जमतं, आणि घासलं की हे सगळं पुसून जातं.

आधी ती कुठे मिळाली ते लिहून ठेवा. चुलीच्या वर, गोठ्यात, विहिरीजवळ, होडीच्या सामानात, आणि बाजूला आणखी काय होतं तेही. उदाहरण सांगतो, आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) कधीकधी मातीची अशी भांडी मिळतात की जी जमिनीवर नीट उभीच राहत नाहीत, आणि गळ्यापाशी खोलगट असतं. लोकांना वाटतं काहीतरी प्राचीन सापडलं. पण जवळ जुनी विहीर असेल तर ते बहुतेक रहाटाचे (विहिरीतून पाणी काढायच्या चाकाचे) लोटे, गळ्याला दोरी बांधून माळेला लावायचे, उभं राहायची त्यांना गरजच नव्हती. तसंच कमरेभोवती बांधता येईल एवढ्या दोरीला अडकवलेला एखादा आकडा मिळाला आणि तो आतून एकाच बाजूला गुळगुळीत असेल तर ती कोयती अडकवायची आकडी, रोजच्या कोयतीनेच तो गुळगुळीत झालेला असतो. भोक असलेले छोटे करडे जड तुकडे मिळाले आणि कागदावर ओढल्यावर पेन्सिलीसारखी रेघ उठली तर ते शिसं, समुद्राजवळ असाल तर पागाच्या (पाण्यात फेकायच्या) जाळ्याचं असायची शक्यता जास्त (हात धुवा नंतर, शिसं विषारी असतं).

अजून एक, बऱ्याच वेळा आपल्याकडे अर्धीच वस्तू असते. रिव्हेटची भोकं, तुटलेली कड, एका टोकाला वेगळ्या रंगाचं लाकूड दिसलं तर समजा दांडा किंवा जोडीचा भाग गेलाय. शिरवाळ्यांच्या (तांदळाच्या शेवयांच्या) शेवग्याची, म्हणजे त्या पाडायच्या साच्याची, नुसती भोकांची पितळी चकती हातात आली तर कोण ओळखणार?

मग वजन करा. हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. लोखंडी किंवा पितळी गोळा ९३३ ग्रॅमच्या आसपास भरला तर तो शेर, ४६६ म्हणजे अच्छेर (अर्धा शेर), तोळा ११.६६ ग्रॅमचा. मेट्रिक वजनं १९५८ पासून यायला लागली, त्यामुळे किलोचा आकडा कोरलेला असेल तर वस्तू त्यानंतरची. लोहचुंबक लावून बघा, पितळ तांबं चिकटत नाही.

शिक्का असेल तर टॉर्च तिरका धरा, नाहीतर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. पण वर्ष दिसलं म्हणून उड्या मारू नका. मंगळुरी कौलांवर १८६५ असतं ते बेसल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष, तुमचं कौल त्याच्या कितीतरी नंतरचं असू शकतं.

आता विचारायचं कसं. फोटो उजेडात, साध्या कापडावर, सगळ्या बाजूंनी आणि खालून पण, बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते बरोबर २७ मिमी असतं. आणि स्वतःचा अंदाज प्रश्नात अजिबात घालू नका! 'हा आडकित्ता आहे का' विचारलंत की अर्धे लोक हो म्हणून मोकळे होतात. संग्राहकांमध्ये कोणी फक्त दिव्यांचे, कोणी कुलपांचे, कोणी वजनमापांचे जाणकार असतात, ज्याचं त्याला विचारा, आणि उत्तर मिळालं की 'कशावरून?' हे नक्की विचारा, शक्य असेल तर तशाच दुसऱ्या वस्तूचा फोटो मागा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात आडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशी रोजच्या वापरातली वस्तूच वस्तू आहे, तिथे जाऊन ताडून बघता येतं.

पण माझ्या मते सगळ्यात भारी जाणकार वाडीतच असतात. सुतार, लोहार, जाळी विणणारे काका, शेजारची आजी. फोटो दाखवू नका, वस्तू हातात द्या आणि 'आज्ये, ह्या कसला गे?' एवढंच विचारून गप्प राहा. ज्याने ती वापरलीय त्याचा हात बरोबर पकडायच्या जागी जातो, आणि झीजही तिथेच असते. हे ज्ञान त्या माणसांबरोबर जातंय, म्हणून पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, ह्याच वेळी विचारा आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, ती परदेशात पाठवता येत नाही, मूर्ती वगैरे असेल तर नोंदणी लागते. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन.

ओळख पटली की वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधा, गोंद नको. चिठ्ठीवर नाव, कुठे मिळाली, कोणी सांगितलं, आणि 'नक्की' की 'बहुतेक' तेही लिहा, उद्या दुसऱ्या कोणी वेगळं सांगितलं तर पहिलं न खोडता खाली तेही लिहा.