पाणी यायच्या दिवशी डोकं शांत कसं ठेवायचं, एपिक्टेटसकडून शिकलेलं

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे दिवस जातात, आणि आलं की सगळ्या बोळात लै चिडचिड. कुणी मोटर आधी लावली, कुणाचा पाईप कुणी काढला, मी पण भांडलोय ह्यावरून आणि मग दिवसभर तेच डोक्यात.

मला ह्यात खरा कामाला आला तो एपिक्टेटस. इ. स. ५० च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलिसमध्ये जन्मलेला, रोममध्ये गुलाम होता, सुटल्यावर तत्त्वज्ञान शिकवायला लागला. त्याचं बोलणं शिष्य एरियननं लिहून ठेवलं, त्यात सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण आहे. तो म्हणतो, अंघोळीला निघताना आधीच डोळ्यासमोर आणा की तिथं लोक पाणी उडवणार, ढकलणार, शिव्या देणार, चोऱ्या करणार. आणि मनाशी ठरवा की मला अंघोळ करायचीय आणि मन पण ठिकाणावर ठेवायचंय. म्हणजे कामं दोन! मला हे वाचून आमचा नळच आठवला.

आता करायचं कसं. आदल्या रात्री पाच मिनिटं बसा, जास्त नको, नाहीतर त्याची काळजीच होते. उद्या काय बिघडेल ते नीट बघा, लाईट जाईल, प्रेशर येणार नाही, शेजारच्या काकू बोलतील. "काहीतरी होईल" असं मोघम धरलं तर उपयोग नाही, काकू नेमकं काय बोलतील तेच आठवायचं. मग दोन कामं ठरवा, एक पाणी भरणं, दोन आवाज न चढवणं. पहिलं पूर्ण आपल्या हातात नाही, दुसरं आहे. तसं घडलंच तर मनात म्हणा, हे धरलंच होतं.

ह्याचा अर्थ गप्प सोसायचं असा नाही हां, तक्रारीचा अर्ज द्यायचाच, तो आपल्याच हातात आहे.

रात्री झोपताना पायथागोरसच्या परंपरेतले तीन प्रश्न, एपिक्टेटस पण तेच सांगायचा: कुठं चुकलो, काय केलं, काय करायचं राहिलं.

सुरुवातीला ऐनवेळी काहीच आठवत नाही, म्हणून मी मोटरच्या बटनाशेजारी खडूनं २ लिहून ठेवलाय, बटन दाबताना दिसतोच.