आधी तुमचा मारुती शोधा

गंगेला, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीला, पूर आला की पंचवटीत कुणी कुणाला क्युसेकचे आकडे विचारत नाही. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं ते बातम्यांत येतं, पण घरोघरी फोन होतो तो एवढाच, "मारुतीला कुठवर लागलं?" गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २००८ चा पूर, २०१६ चा, २०१९ चा, सगळे आम्हाला त्याच्या अंगावरच आठवतात. तेवढं ऐकून भांडी बाजारातला दुकानदार माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतो.

आपल्या घरातलं, मनातलं चारचौघांत कसं सांगायचं, असं मला कुणी विचारलं की मी तिथूनच सुरुवात करते. तुमच्या गोष्टीचा एक मारुती शोधा. रोज डोळ्यांसमोर असलेली, जागची न हलणारी एखादी साधी गोष्ट, जिच्यावर पाणी किती चढलं नि किती उतरलं ते ऐकणाऱ्यालाही दिसेल.

माझा मारुती म्हणजे दुधाचा रतीब. लग्न होऊन या घरात आले तेव्हा रोज अडीच लिटर दूध यायचं. सासू-सासरे, धाकटे दीर, आम्ही दोघं, नंतर मुलं. दीर वेगळे राहायला गेले, दोन लिटर. सासरे गेले, मग सासूबाई. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलीचं शिक्षण संपून तीही बाहेर पडली, एक लिटर. रात्री दूध तापवून झाकून ठेवायचं काम आमच्या ह्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, कारण मला नऊ वाजताच झोप अनावर व्हायची. सकाळी ओट्यावर साईची वाटी असायची, वर ताटली झाकलेली, माझ्यासाठी. आमच्या संसारातलं प्रेम सांगायचं तर मी ती वाटी सांगते, दुसरं काही सांगत नाही.

हे गेले तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. चार लिटर, कधी पाच लिटर दूध यायचं. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेले. पहाटे दूधवाले काका दारात आले नि नेहमीसारखंच म्हणाले, "ताई, उद्यापासून किती?" मला शब्द फुटेना. शेवटी मी हातानेच अर्ध्याची खूण केली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे आठ-दहा माणसं जमतात, शेजारपाजारची, काही सिडको-सातपूरकडचीही. प्रत्येकाने आपलं काहीतरी सांगायचं, एवढाच नेम. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा म्हणाले, "हे गेल्यापासून मी फार एकटी पडले." सगळ्यांनी माना खाली घातल्या, कुणी "हो ना" म्हणालं, संपलं. पुढच्या महिन्यात मी फक्त दूधवाल्या काकांचा प्रश्न सांगितला. कंपनीतून निवृत्त झालेले एक काका उठून गॅलरीत गेले. परत आले ते त्यांच्या भावाच्या सायकलीबद्दल बोलायला लागले, आणि आम्ही त्या दिवशी साडेआठपर्यंत बसलो होतो.

मारुती शोधायचा कसा? मोठ्या प्रसंगापासून सुरुवात करू नका. लग्न, मृत्यू, आजारपण, भांडण हे बाजूला ठेवा. घरात फिरा नि बघा, त्या प्रसंगानंतर कशाची संख्या बदलली, जागा बदलली, वेळ बदलली. भिजवायची कणीक. दाराबाहेरच्या चपला. गॅस किती दिवस पुरतो ते. बहुतेकांना पहिल्या दिवशी सापडत नाही. आठवडाभर तसंच राहू द्या, भाजी चिरताना सापडेल.

दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले दादा येतात. वडिलांबद्दल सांगायचं म्हटलं की त्यांचं एकच वाक्य, "आमच्या बापानं लई कष्ट केले." खरंच असणार, पण असं वाक्य प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाकडे असतं. ऑक्टोबरात छाटणी केलेली बाग फेब्रुवारीत तोडणीला आलेली, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, आणि संध्याकाळी गारपीट झालेली. मी त्यांना विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी काय केलं? दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बांधावर चपला काढल्या. रोज काढायचे तशाच. खाली गारा होत्या, तरी अनवाणी आत गेले." बस्स. त्या चपला म्हणजे त्यांचा मारुती. आता वडिलांचं चांगलं वर्ष सांगायचं असो की वाईट, दादा चपलांपासूनच सुरू करतात.

इथे आमच्या नाशिककरांना एक सवय मोडावी लागते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे चार माणसं समोर दिसली की आवाज आपोआप भाषणाचा होतो, "आयुष्य म्हणजे" अशी वाक्यं यायला लागतात. व्याख्यानाला ते शोभतं. आपल्या आईबद्दल बोलताना मात्र स्वयंपाकघरात बोलतो तोच आवाज ठेवा, तीच भाषा ठेवा. नगरकडची माझी माहेरची बोली मी पूर्वी चारचौघांत दाबायची. आता दाबत नाही. आजीचं बोलणं पुस्तकी भाषेत सांगितलं की ती आजी माझी राहत नाही.

आजीवरून आठवलं. ती गेली तेव्हा माझे काका अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. गुरुजींनी गाव नि आडनाव विचारलं, जुनी वही काढली, आणि त्यात आजोबांची सही निघाली. आजोबाही कधीतरी त्यांच्या वडिलांना घेऊन त्याच पायऱ्यांवर आले होते. काकांनी त्या सहीवर बोट ठेवलं नि तसेच बसून राहिले. त्या वह्यांत पिढ्यांची नावं असतात, कोण कुणाचा मुलगा, कोण कधी आलं ते असतं. आजी ताकाला फोडणी देताना जिरं हातावर चोळायची, हे कुठल्याच वहीत नाही. वहीत जे नाही तेवढंच आपण सांगायचं. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी यात वेळ घालवू नका.

बोलायला बसाल तेव्हा हाताला काम द्या. मी मेथीची जुडी ठेवते, हिवाळ्यात मटार. आमच्या आज्या जात्यावर बसल्या की माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट बघणं, सगळं ओवीतून बाहेर यायचं; एरवी त्याच बायका दिवसभर अवाक्षर काढत नसत. हात गुंतले की डोळे खाली राहतात आणि तोंड मोकळं होतं. पुरुषांना याचा जास्त उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. समोरासमोर खुर्च्या मांडू नका, खाली सतरंजीवर गोल बसा.

आता एक गोष्ट, जी मी चुकून शिकले. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी ते एका शनिवारी सांगितलं, तिला न विचारता. माझंही दुःख होतं, ते सांगायचा मला हक्क आहे, असं मला वाटलं होतं. ते फिरत फिरत तिच्यापर्यंत गेलं. ती भांडली नाही. तीन आठवडे तिचा फोन आला नाही, आणि आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, ते माझं होतं." म्हणून आता नियम आहे. जिवंत माणसाबद्दल बोलायचं तर आधी त्याला विचारायचं, आणि मोघम विचारायचं नाही. "तुझा अमुक प्रसंग मी या-या लोकांसमोर सांगू का?" असं थेट. नाही म्हणाला तर रुसायचं नाही, कारणही विचारायचं नाही. हा प्रसंगसुद्धा तिला वाचून दाखवल्यावरच इथे लिहिला आहे. गेलेल्या माणसाबद्दलही त्याच्या जवळचं कुणी ऐकणार असेल तर आधी त्याला कानावर घाला.

दुःख अगदी ताजं असेल तर दहा जणांत नको. एका माणसाला सांगा, तेही जेवण झाल्यावर. माझ्या मते वर्षश्राद्धापर्यंत थांबलेलं बरं. एकेका सणातून एकदा तरी जाऊन आलं की शब्द हाताला लागतात. रडू आलं तर येऊ द्या, पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवा.

ऐकणाऱ्याचं कामही सोपं नाही. "देवाची इच्छा", "वेळ सगळं विसरायला लावते", "आमच्याकडेही अस्संच झालं" ही तीन वाक्यं आमच्याकडे कुणी बोलत नाही. बोलणारा थांबला तर थोडं थांबावं आणि फक्त "मग?" म्हणावं.

आपण कसे बदललो हे सांगणं सगळ्यात अवघड. "मी खंबीर झाले" असं म्हणू नका. हाताने काय केलं ते सांगा. मी चौपन्नाव्या वर्षी तपोवनात, कुंभमेळ्याला साधू उतरतात त्या साधुग्रामच्या मोकळ्या जागेत स्कूटी शिकले. बँकेत पैसे काढायची स्लिप पहिल्यांदा भरली तेव्हा खाली ह्यांचीच सही करायला निघाले होते, पेन टेकवलं नि थांबले. तिथेच गोष्ट संपवा. त्यातून मी काय शिकले ते ऐकणाऱ्याला कळतं.

माझ्या रतीबाचं सांगायचं राहिलं. एरवी अर्धा लिटरच येतं. दुसऱ्या शनिवारी मात्र आल्याचा चहा दोन वेळा होतो. आदल्या दिवशी दूधवाले काका आता विचारत नाहीत, दोन लिटर ठेवून जातात.