स्ट्रॅटेजी वर्कशॉपमधील फॅसिलिटेशन कितपत उपयोगी पडले, हे कसे मोजावे

कार्यशाळा संपताना भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मवरून फॅसिलिटेशनचे, म्हणजे गटाची चर्चा निर्णयापर्यंत नेण्याचे, तंत्र पारखू नये. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम अशा चार पातळ्या मांडल्या. फॉर्ममधून त्यांपैकी फक्त पहिली कळते, आणि तीत सुलभकाच्या (चर्चा चालवणाऱ्या व्यक्तीच्या) प्रसन्न स्वभावाचा वाटाही मिसळलेला असतो.

मोजणीची खरी सुरुवात कार्यशाळेआधी होते. विचाराधीन पर्यायांची यादी प्रत्येक सहभागीला स्वतंत्रपणे पाठवून त्याच्याकडून पसंतीक्रम लेखी घ्यावा आणि चर्चा संपल्यावर, हात वर करण्याआधी, तोच क्रम पुन्हा गुप्तपणे घ्यावा. दोन्ही वेळची एकवाक्यता केंडॉलच्या सुसंगती गुणांकाने काढता येते. प्रत्येक पर्यायाला मिळालेल्या क्रमांकांची बेरीज करावी, त्या बेरजांचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्यांच्या वर्गांची बेरीज करावी, आलेल्या संख्येला १२ ने गुणावे आणि सहभागींच्या संख्येचा वर्ग गुणिले (पर्यायांच्या संख्येचा घन वजा पर्यायांची संख्या) याने भागावे. उत्तर ० (एकवाक्यता अजिबात नाही) ते १ (पूर्ण एकवाक्यता) यांच्या दरम्यान येते. समजा, ८ जण आणि ५ पर्याय आहेत. आधीच्या बेरजा २२, २७, २०, २५, २६ असतील तर गुणांक सुमारे ०.०५ येतो, नंतरच्या १२, २०, २४, ३०, ३४ असतील तर सुमारे ०.४६.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण एकवाक्यता साहेबांच्या धाकानेही वाढते. म्हणून नंतरचे क्रम सर्वांत वरिष्ठ व्यक्तीच्या आधीच्या क्रमाशी ताडून पाहावेत. सगळे त्याच दिशेने सरकले असतील आणि बोलण्याचा बहुतेक वेळही त्याच व्यक्तीने घेतला असेल, तर एकवाक्यतेचे श्रेय तंत्राला देता येणार नाही. कोण किती मिनिटे बोलले याची नोंद चर्चेत भाग न घेणाऱ्या एखाद्याकडे सोपवावी.

कल्पना लिहून भिंतीवर लावलेल्या रंगीत चिठ्ठ्या मोजून यश ठरवण्याची पद्धत मला विशेष खटकते. येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांच्या १९५८ च्या प्रयोगात एकत्र बसून ब्रेनस्टॉर्मिंग करणाऱ्या गटांपेक्षा तितक्याच व्यक्तींनी एकेकट्याने सुचवलेल्या वेगवेगळ्या कल्पना एकूण अधिक भरल्या होत्या. त्यामुळे तुलनेशिवाय चिठ्ठ्यांच्या संख्येला अर्थ नाही. शक्य असल्यास निम्म्या गटाला आधी दहा मिनिटे शांतपणे लिहू द्यावे, उरलेल्यांनी थेट चर्चा करावी आणि दोन्हींतील पुनरावृत्ती वगळून उरलेल्या कल्पनांची तुलना करावी. एकाच कार्यशाळेतील फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून हे अनेक कार्यशाळांमध्ये करून पाहावे.

शेवटची तपासणी ९० दिवसांनी करावी. ठरलेल्या प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्ती, राखलेला निधी आणि प्रत्यक्ष पडलेले पाऊल लिहावे. अडलेल्या निर्णयांबाबत संबंधितांना स्वतंत्रपणे विचारावे, की तो निर्णय त्यांना कार्यशाळेतच मनापासून पटला होता की वेळ संपत आल्यामुळे त्यांनी मान डोलावली होती.